शाळेची जागा वीस वर्षं आधी

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर टॉवर उभे राहिले की दोन-तीन वर्षांत तिथे मुलांची वर्दळ सुरू होते. त्यांच्या शाळेची जागा मात्र खूप आधी नकाशावर आखलेली असावी लागते. हे काम विकास आराखड्याचं, आणि 1966च्या नगररचना कायद्यानुसार तो साधारण 20 वर्षांनी सुधारायचा असतो.

20 वर्षांत शहर कुठल्या कुठे जातं! 2001 ते 2011 या दशकात ठाणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाखांवरून अठरा लाखांपुढे गेली. कल्याण-डोंबिवलीची वाढ त्या मानाने किरकोळ होती. पण 2015 मध्ये 27 गावं एकदम महापालिकेत आली.

खरी मेख याच कायद्याच्या कलम 127 मध्ये आहे. शाळेसाठी राखीव भूखंड 10 वर्षांत ताब्यात आला नाही, तर जमीनमालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या 24 महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षणच रद्द होतं. दाट वस्तीत तशी जागा पुन्हा मिळणं जवळपास अशक्य.

यावर राज्याच्या 2020च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एक वाट आहे: मालकाने आरक्षणाच्या काही भागावर शाळा बांधून महापालिकेला द्यायची आणि उरलेली जागा स्वतः विकसित करायची.