नोंद तीच, घर निराळे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत चुकलेली ओळ कोणी नाहीशी करीत नाही; दुरुस्ती खाली लिहून तारीख घालतात. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारेही अशीच वही ठेवतात. त्यांच्यात आज अत्यंत प्रचलित असलेली 'गिट' ही व्यवस्था लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केली.

परंतु 'प्लॅन नाइन' या प्रणालीला गिटचा आधार नव्हता. युनिक्स जिथे जन्मले त्याच बेल लॅब्जमधून ही प्रणाली १९९२ साली विद्यापीठांच्या हाती आली. तथापि तिची घडण पुष्कळच निराळी. मूळ गिटचा सारा संसार तिथे हलवायचा, तर त्याच्या सवयींसाठी घरच पाडावे लागले असते. म्हणून 'गिट नाइन' हा आटोपशीर संच नव्याने लिहिला गेला.

त्याने टाकले बरेच. बदल आधी मांडून ठेवण्याची मधली पायरी वगळली. प्लॅन नाइनमध्ये बहुतेक गोष्टी फाईलींच्या रूपाने समोर येतात; तेव्हा जुन्या नोंदीही तशाच दिसू लागल्या. कपाट उघडावे आणि मागील सालची वही काढावी, इतके ते सोपे.

राखले ते एकच, नोंदीचे स्वरूप. गिटमध्ये प्रत्येक नोंदीला मजकुरावरून काढलेली ४० अक्षरांची खूण असते आणि पुढची नोंद मागचीची खूण सांगते. मागे एक अक्षर बदलले, की पुढच्या साऱ्या खुणा बदलतात.

ही कसोटी किती कठोर आहे, ते आम्ही एक लहानसा नमुना लिहू लागलो तेव्हा कळले. मजकूर बिनचूक, तरी खूण जुळेना. तीन रात्री गेल्या. अखेर उमगले की, यादी लावताना फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ आहे असे धरावयाचे असते, त्यामुळे 'हिशेब.सी' ही फाईल 'हिशेब' या फोल्डरच्या आधी येते. आम्ही ती नंतर लावली होती! क्रम सुधारताच चाळीसही अक्षरे जुळली.

मंडळी, परमुलखात घर बांधताना काय टाकावे आणि काय राखावे, हा प्रश्न आपणा सर्वांपुढे आहेच. आम्हांस एवढेच वाटते: घर तेथील रीतीने खुशाल बांधावे, नोंद मात्र अशी ठेवावी की, मूळ गावच्या माणसाने पडताळली असता ती जुळावी.