धरलेला वाघ ठेवावयाचा कोठे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



म्हैसुरास राहणाऱ्या आपणांपैकी बहुतेकजण एच. डी. कोटे तालुक्यात, कबिनीच्या काठी, वाघ पाहावयास जाऊन आले असतील. वाटेवरची कापसाची, मक्याची शेते मात्र आपण मोटारीच्या काचेतूनच पाहतो. मला आज त्या शेतांविषयी बोलावयाचे आहे.

नागरहोळे आणि बंडीपूर ही अरण्ये या तालुक्याला भिडलेली आहेत. थोरल्या नराने हुसकावलेला तरुण वाघ, किंवा हरिण मारण्याची ताकद न उरलेला म्हातारा, पिकात शिरतो आणि गोठ्यातील गाय मारतो. २०२५ मध्ये, पूर्वी याच तालुक्यात मोडणाऱ्या सरगूर भागात, शेतकऱ्यांचे बळी गेले. नोव्हेंबरात शासनाने दोन्ही अरण्यांतील सफारी थांबविल्या. ज्या घरातील कर्ता पुरुष गेला, तेथे जाऊन वन्यजीवांचे महत्त्व सांगण्याचे धैर्य मला नाही.

‘वाघ धरा’ ही मागणी रास्तच आहे. पण उभ्या पिकात जनावर दिसत नाही, म्हणून शिकविलेले हत्ती आणावे लागतात. भुलीची मात्रा वजनाच्या अंदाजाने ठरवावयाची. सुई लागल्यावरही ते काही मिनिटे धावते, आणि नेमका तेव्हाच बांधावर गाव लोटलेला असतो. बघ्यांची हौस हे आपल्या देशातील एक स्वतंत्र संकटच आहे!

धरल्यानंतरचा प्रश्न याहून बिकट. आपल्याकडे खेड्यांत बिबट्यालाही वाघच म्हणतात. त्या वाघाने जुन्नरला धडा दिला. उसात राहणारे बिबटे पकडून दूर सोडण्याची मोहीम २००१ च्या सुमारास सुरू झाली. डॉ. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार, त्यापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ते १७ झाले. सोडलेले जनावर सोडल्या जागी राहतही नाही. टाकळी ढोकेश्वरचा ‘आजोबा’ २००९ मध्ये माळशेज घाटात सोडला, तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला.

मग उरतो पिंजरा. जुन्नरजवळ माणिकडोह, आपल्याजवळ कूरगळ्ळी. तेथे शुश्रूषा होते. पण जायबंदी वा माणसांवर हल्ले केलेल्या जनावराला बहुधा जन्मठेपच.

पुनर्वसन खरोखर साधते ते पिल्लांच्या बाबतीत. ऊसतोडीत सापडलेली बिबट्याची पिल्ले तपासून, संध्याकाळी पेटीत घालून त्याच शेतात ठेवतात. माणसे दूर होतात. रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. यासाठी कोयता थांबवावा लागतो, आणि तो थांबवितो शेतकरी. चिटणिसांना विनंती, की कबिनीच्या पुढील सहलीत एक सकाळ अशा एखाद्या सीमेवरच्या गावासाठी राखून ठेवावी. दुभाष्याचे काम मी करीन.