रंगाऱ्याचा वाडा



माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, रद्दीतून उचललेल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा पंडिती बोललो नाही तर सांभाळून घ्या.

पुण्याच्या जुन्या पेठांत भाऊसाहेब रंगारी यांचा वाडा उभा आहे. त्यांचे खरे नाव भाऊ लक्ष्मण जावळे. शालू रंगविण्याच्या घरच्या धंद्यावरून ते रंगारी झाले. स्वतः ते वैद्यकी करीत. कृष्णाजीपंत खासगीवाले ग्वाल्हेरला दरबारचा गणेशोत्सव पाहून आले. तसा उत्सव आपल्याकडे का नको, अशी बोलणी झाली आणि घरातला गणपती चारचौघांत आला. भाऊसाहेबांचे मंडळ हे साल १८९२ सांगते. त्यांची मूर्ती राक्षसाशी झुंजणारी आहे आणि ती आजही जपलेली आहे.

१८९३ साली लोकमान्यांनी 'केसरी'तून या उपक्रमाची पाठ थोपटली आणि पुढच्या साली स्वतः त्यात उतरले. उत्सव महाराष्ट्रभर गेला तो त्यांच्या लेखणीच्या बळावर. २०१७ साली पुणे महापालिकेने सव्वाशे वर्षांचा सोहळा केला, तेव्हा जनक कोण यावरून वाद पेटला.

मला त्या वादात लोकमान्यांना लहान करायचे नाही. चळवळ वाढविणे हे थोर काम आहेच. पण पहिल्या दिवशी, कोणी येईल की नाही हे ठाऊक नसताना दार उघडे ठेवणे, हे काम वेगळे.

हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या युनियनची पहिली बैठक एका कामगाराच्या घरी झाली. दुसरे कोणी जागा देईना. त्याच्या बायकोने अंगण झाडून दिले, चहा केला. महिन्याभरात त्याची नोकरी गेली. आज आमच्या कचेरीच्या भिंतीवर संगमरवरी फलक आहे, त्यावर संस्थापक म्हणून नाव माझे आहे. त्या दिवशी मी हार घालून घेतला आणि गप्प बसलो. ते घर पाडले गेले. आता तिथे दाखवायला काही उरले नाही.

रंगाऱ्याचा वाडा उरला, म्हणून निदान वाद तरी होतो.

यंदा तालमीची पोरे वर्गणी मागायला दारात येतील. त्यांना वर्गणी जरूर द्या. पण आपल्या गल्लीत पहिला गणपती कोणाच्या सोप्यात बसला, हेही विचारा. सांगणारे म्हातारे अजून आहेत. मी मात्र येत्या एक मेच्या आत तो फलक बदलून घेणार आहे. आपण साक्षी आहात.