दिलेल्या शब्दाचे भांडवल



माझे बालपण वेंगुर्ल्यात गेले, आणि आमच्या परसात काजूच्या बिया भाजून फोडणाऱ्या बायकांचे हात मी इतक्या जवळून पाहिले आहेत, की पुढे आयुष्याचा मोठा भाग देशोदेशींच्या अर्थखात्यांत गेला, तरी 'प्रक्रिया-उद्योग' हा शब्द कानी पडताच मला प्रथम ते हातच दिसतात; टरफलातला चीक कातडी जाळतो म्हणून राख चोळलेले, आणि तरीही बोटांच्या पेरांशी काळवंडलेले. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या राष्ट्रांच्या सरकारांना आर्थिक सल्ला देणे हा माझा व्यवसाय. आणि या व्यवसायाविषयी मला जे सांगावयाचे आहे, ते काजूच्याच आधारे सांगणे मला सोपे जाईल.

पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड गोव्यात रुजले तसेच मोझांबिकमध्येही रुजले, आणि नावही दोहोंकडे जवळजवळ तेच राहिले. एके काळी जगातील काजूच्या उत्पन्नापैकी निम्म्याच्या आसपास बी एकट्या मोझांबिकची असे. २५ जून १९७५ रोजी तो देश स्वतंत्र झाला. दोनच वर्षांत फ्रेलिमो पक्षाचे सरकार आणि रेनामोचे बंडखोर यांच्यात यादवी पेटली, आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोम येथे तहनाम्यावर सह्या होईपर्यंत युद्ध व दुष्काळ यांनी मिळून सुमारे दहा लक्ष माणसांचा बळी घेतला. रस्त्यांत सुरुंग पेरलेले, बाजारपेठा ओस पडलेल्या, झाडे वार्धक्याला लागलेली, अशा स्थितीत सरकारने आपले काजू-कारखाने खाजगी मालकांना विकले. आणि ज्यांनी ते घेतले, त्यांनी कच्च्या बीच्या निर्यातीवर जबर जकात राहील, बी देशातच फुटेल, या भरवशावर घेतले. त्यावर वर्ष उलटते न उलटते, तोच १९९५ च्या सुमारास जागतिक बँकेने आपल्या कर्जाशी अट जोडली, की ही जकात टप्प्याटप्प्याने उतरवावी.

या सल्ल्यामागचा तर्क निर्बुद्ध नव्हता, हे मी आग्रहाने सांगतो. जकात उतरली म्हणजे कच्च्या बीला परदेशात, म्हणजे मुख्यतः आपल्याच हिंदुस्थानातील कारखान्यांकडून, चढा भाव मिळेल आणि तो शेतकऱ्याच्या पदरात पडेल, असे ते गणित होते, आणि कागदावर ते चोख होते. परंतु झाडापासून बंदरापर्यंतच्या वाटेवर व्यापारी मोजके होते, आणि भावातला फरक बहुतांशी त्यांच्याच गाठी राहिला. अर्थशास्त्रज्ञ दानी रॉड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा काजू पिकविणाऱ्या सामान्य कुटुंबाला या सुधारणेने वर्षाकाठी सुमारे ५ डॉलर अधिक मिळाल्याचे दिसले. इकडे कारखान्यांतून कामाला असलेल्या सुमारे दहा हजार कामगारांपैकी बहुतेक सर्व २००१ पर्यंत बेकार झाले होते, आणि तेथील संसदेने जकात पुन्हा वाढविली.

मला यातील सर्वांत मोठी हानी दहा हजार रोजगारांचीही वाटत नाही. काजूचे कलम आज लावले तर भरघोस फळण्यास कित्येक वर्षे लागतात. म्हणजे ज्याने युद्धात दोनदा घर सोडून पळ काढला आहे, त्याने रोप लावणे हे सरकारच्या हाती आपले उद्याचे दिवस तारण ठेवण्यासारखे आहे. अशा देशात खजिना रिता असतो, सैन्य अर्धे विसर्जित झालेले असते, न्यायालयांना छप्पर नसते, आणि सरकारजवळ खरोखरीचे भांडवल एकच असते, ते म्हणजे दिलेला शब्द. करार करून वर्षभरात तो फिरविण्यास जो सल्लागार सरकारला भाग पाडतो, तो जकातीचा दर बरोबर सांगत असला तरी ते भांडवल उधळीत असतो, आणि ते पुन्हा उभे करण्यास कोणतीही बँक कर्ज देत नाही.

हे मी दुसऱ्यांच्या चुकांवरून शिकलो असतो तर बरे झाले असते. एका देशात, त्याचे नाव येथे घेत नाही, शस्त्रे खाली ठेवलेल्या सैनिकांना वर्षभर दरमहा तनखा देण्याचे सरकारने जाहीर केले होते. वाटपाचा खर्च वाचावा म्हणून मी तो दोन हप्त्यांत आणि केवळ जिल्ह्याच्या ठिकाणी द्यावा असे सुचविले, आणि माझा मसुदा जसाच्या तसा मंजूर झाला. पुढे मी पाहणीस गेलो, तेव्हा कचेरीच्या ओट्यावर तीन दिवस चालून आलेला एक तरुण बसला होता. वाटप आदल्या दिवशीच बंद झाले होते. त्याने रागावून काहीही म्हटले नाही. घामाने मऊ पडलेली, चार घड्यांची सरकारी चिठ्ठी त्याने उलगडून मला दाखविली आणि तीवरचा शिक्का खरा आहे ना, एवढेच विचारले. तो शिक्का खरा होता. वाचविलेल्या रकमेचा आकडा मी आज विसरलो आहे. ती चिठ्ठी मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.

अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्यातून वाई तालुक्याच्या शेतीची पाहणी करविली, तेव्हा शेतकऱ्याचा जमाखर्च त्याच्या बांधावर जाऊन टिपला गेला. त्या परंपरेत वाढूनही मला तिची आठवण त्या ओट्यावरच व्हावी, याची खंत मला आहे. तेव्हापासून कोणत्याही राजधानीत पोचलो की अर्थमंत्र्यांचे दप्तर उघडण्यापूर्वी मी गावाकडे जातो आणि एकच प्रश्न विचारतो : यंदा नवे झाड लावले काय? बहुतेक ठिकाणी लोक मान हलवून नाही म्हणतात. एकदा मात्र एका म्हातारीने मला घरामागे नेऊन वीतभर उंचीची दोन रोपे दाखविली. त्यांभोवती तिने काटेरी फांद्यांचे कुंपण घातले होते, आणि बोलता बोलता ती त्यातील एक सुटलेली फांदी पुन्हा नीट खोचीत होती.