परतीची वाट



विद्वानांनी या व्यासपीठावरून मोठमोठे विषय मांडावेत, अशी आपली परंपरा आहे. माझा विषय मात्र घरगुती आहे. ३१ वर्षे दिल्लीत नोकरी करून मी गेल्या वर्षी साताऱ्याला कायमचा परत आलो. भेटेल तो विचारतो, "काय, करमतं का इथं?" या प्रश्नाचे उत्तर रस्त्यात उभ्याउभ्या देता येत नाही. ते आज बसून देतो.

सामान ट्रकने पुढे पाठवून आम्ही दोघे मोटारीने निघालो. आग्रा, ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर, धुळे, नाशिक, पुणे असा हा सुमारे दीड हजार किलोमीटरांचा रस्ता. विमान दोन-अडीच तासांत पुण्यास उतरवते. आम्ही चार दिवस घेतले. ते वाया गेले असे मला वाटत नाही. देह हलला तरी मनाला मागून यायला वेळ लागतो.

या वाटेने येताना नद्या पाहत यावे. धोलपूर सोडले की चंबळ लागते, इंदूरच्या अलीकडे क्षिप्रा. यांचे पाणी यमुनेकडे निघालेले. आपण दक्षिणेला येत असतो आणि पाणी आपण सोडलेल्या मुलखाकडे जात असते. विंध्याचा घाट उतरल्यावर खलघाटला नर्मदा आणि सातपुडा ओलांडल्यावर शिरपूरजवळ तापी भेटते; या दोघी पश्चिमवाहिनी. नाशिकला गोदावरी लागली की पाण्याची दिशा पूर्वेकडे वळते. मग प्रवरा, भीमा, नीरा आणि भुईंजपाशी आपली कृष्णा. तिथे माझी पत्नी म्हणाली, "आता खरी दिल्ली सुटली."

हा मुलूख आपल्याला परका नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरचे धनी झाले, नीराकाठच्या होळ गावचे होळकर इंदूरचे. त्यांची घरे तिकडचीच झाली. परंतु उत्तरेची विद्या घेऊन परतणारेही होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशांकडून ख्यालगायकी मिळवली आणि महाराष्ट्रात आणली. मिरजेस ती विष्णु दिगंबर पलुसकरांच्या गळ्यात उतरवली. परत येणाऱ्याने काय आणावे, याचा हा धडा आहे.

बुवांची विद्या आपल्याजवळ कुठली? मी हिशेबखात्यातला माणूस. दिल्लीत मी 'महाराष्ट्रवाले' होतो. इथे पेठेत 'दिल्लीवाले' झालो. लहानपणीच्या सोबत्यांपैकी काही गेले, काही पुण्यामुंबईस मुलांकडे राहतात. अजिंक्यतारा तेवढा जागच्या जागी आहे. पहिले दोन महिने मी केवळ पाहुणा होतो. नंतर शेजारच्या एका वृद्ध बाईंनी पेन्शनचा कागद पुढे केला. तो भरून दिला, तशी दुसरे आले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांसाठी आमच्या ओटीवर पाचसात मंडळी रोज बसत. त्या दिवसांत मला प्रथम वाटले, की मी इथला आहे.

आता मुख्य गोष्ट. आम्ही परतलो ते आईसाठी. तिला ८६ वे वर्ष आहे आणि स्मृती क्षीण होत चालली आहे. ३१ वर्षे मी घरी आलो की ती विचारी, "रजा किती दिवसांची?" तोच प्रश्न ती अजून रोज सकाळी विचारते. प्रारंभी मी समजावून सांगत असे, "आई, आता कायमचा आलोय." ती आनंदून जाई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी. मला वाईट वाटे. मग ध्यानात आले, की कायमचे येणे एकदा सांगून संपत नाही. ते रोज करायचे असते. आता मी एवढेच म्हणतो, "आहे अजून." तेवढ्याने तिचे समाधान होते.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांची मुले दूर आहेत. त्यांतले कुणी परत आले, तर त्यांना पाहुण्यासारखे पाटावर बसवून ठेवू नका. करमते का, हेही विचारू नका. एखादे काम सांगा. गाव आपले म्हणते ते असेच.