मधल्या सुट्टीतला घास



मुलाच्या वजनाची काळजी आपण घरच्या ताटाशी बसून करतो. परंतु दुपारचा घास ते शाळेत, आपल्या नजरेआड घेते. आज बोलायचे आहे ते त्या घासाविषयी. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात खाण्यापिण्यावर टीका करणे जरा जोखमीचेच!

सरकारी व अनुदानित शाळांत दुपारी शिजवलेले अन्न मिळते. योजना 1995 सालची. पण शिजवूनच द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2001 च्या नोव्हेंबरात दिला. पाचवीपर्यंत 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने, पुढे आठवीपर्यंत 700 व 20, असे तिचे माप आहे. खिचडीला नावे ठेवणे सोपे. मीही ठेवली आहेत. परंतु तीस ग्रॅम वेफर्सच्या पुडीत सुमारे 160 उष्मांक असतात आणि प्रथिने जेमतेम दोन ग्रॅम. एखादे मूल पुडी खाऊन घरी पुन्हा पोटभर जेवते, ते फुगत जाते. दुसऱ्याची भूक पुडीनेच मरते, बाजरीची भाकरी ताटात तशीच राहते, आणि ते हाडकुळे होते. पुडी एकच!

आणि आठवी संपली की हे जेवणही संपते. नववीतल्या मुलीचे वय हाडे भरण्याचे, रक्ताची गरज वाढण्याचे; नेमक्या त्या वेळी तिच्या हाती उरतो डबा, नाहीतर दहाची नोट. विनाअनुदानित शाळेतल्या मुलांची तर पहिलीपासून हीच स्थिती.

नियम नाहीत असे नाही. 2017 च्या मे महिन्यात आपल्या राज्याने शाळांच्या उपाहारगृहांत असले पदार्थ विकण्यास बंदी केली. 2020 च्या केंद्रीय नियमांनी तर फाटकापासून 50 मीटरपर्यंत मनाई केली. परवा शहरातल्या एका शाळेच्या फाटकापासून मी पावले मोजीत निघालो. सत्तर पावलांत चार टपऱ्या लागल्या. टपरीवाल्यांवर माझा राग नाही. गिऱ्हाईक मागेल तर ते फुटाणे आणि शेंगदाण्याची चिक्कीही ठेवतील. पण गिऱ्हाइकाच्या हाती नोट देतो कोण? सकाळी डबा करायला वेळ झाला नाही म्हणून आपणच ना?

एक गोष्ट मात्र आपल्या हातची आहे. 2023 मध्ये सरकारने शाळेत आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यास केळे, द्यायला सुरुवात केली होती. 2025 च्या जानेवारीत त्याचा खर्च लोकवर्गणीवर सोडला. गणपतीची वर्गणी आपण न मागता देतो. दाराशी मी एक कोरी वही ठेवली आहे; जाताना तीत नाव आणि आपल्या वॉर्डातली शाळा लिहावी.