एकेरी मार्ग, दोन्हीकडून गाडी

कोल्हापूर–मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला, तो कोल्हापूर संस्थानाचा मीटरगेज मार्ग म्हणून. १९७१ मध्ये तो ब्रॉडगेज झाला आणि अलीकडे त्यावर विजेच्या तारा आल्या. गाड्यांचा वेग वाढला, इंजिनाचा आवाज कमी झाला. मार्ग मात्र एकेरीच राहिला. त्यामुळे रुळावर वाकून काम करणाऱ्याला कोणत्याही बाजूकडे निर्धास्तपणे पाठ करता येत नाही.

याच कामगारांच्या सुरक्षिततेच्या विचारासाठी जमलेल्या ट्रॅकमन, कीमन, मेट, सिग्नल कर्मचारी आणि अभियंत्यांचे कोल्हापूरच्या स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत आहे. तांबडा-पांढरा रस्सा संध्याकाळी आहेच, आधी रुळांचे.

रुळांवर कानाचा भरवसा धरता येत नाही. हातोड्याचे घाव, उलटा वारा, वळणावर पुरुषभर वाढलेला ऊस, यांत गाडीची चाहूल विरून जाते. म्हणून संरक्षणाची व्यवस्था कामाच्या जागेपासून दूर सुरू होते. गाडी थांबवायची असेल तर ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर आडवी लाल पट्टी आणि १२०० मीटरवर, सुमारे दहा-दहा मीटरच्या अंतराने, तीन फटाके लावतात. ही अंतरे कागदी नाहीत. भरधाव गाडीला ब्रेक लागल्यावरही थांबायला बरेच अंतर लागते.

वेळापत्रकात गाडी नाही म्हणून मार्ग मोकळा आहे असे मानणे सर्वांत घातक. १३ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे लासलगावजवळ चार ट्रॅकमन दगावले, ते प्रवासी गाडीखाली नव्हे, विजेच्या तारांच्या देखभालीसाठी फिरणाऱ्या टॉवर वॅगनच्या धडकेत. २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसईजवळ सिग्नलचा बिघाड दुरुस्त करणाऱ्या तीन रेल्वे कर्मचाऱ्यांना लोकलने उडवले. कामात गुंतलेला माणूस स्वतःचा पहारा करू शकत नाही. पहाऱ्यावरच्या माणसाच्या हाती म्हणूनच शिट्टी आणि झेंडी एवढेच हवे. मनुष्यबळ अपुरे पडले की पहिल्यांदा त्याच्याच हाती फावडे येते. ती काटकसर नव्हे. गाडी येत असल्याचा इशारा रेडिओलहरींनी गँगपर्यंत पोहोचवणारे ‘रक्षक’ यंत्र उपयोगी आहे, पण पहारेकऱ्याला पर्याय म्हणून नव्हे.

वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिला स्पर्श व्हावाच लागतो असे नाही. दोन मीटरच्या आत शरीर किंवा हातातली लांब पहार गेली तरी धोका आहे. वीज बंद करून तार जमिनीशी जोडल्याची खात्री झाल्याशिवाय तिच्याजवळ काम नाही.

पावसाळ्यात रात्रीची गस्त वाढते. रुकडीजवळच्या पंचगंगेच्या पुलाकडे तेव्हा विशेष लक्ष असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या मार्गावरची वाहतूक थांबवावी लागली होती. पुलावर बाजूला उडी मारायला जागा नसते. म्हणून गाडी आल्यास आसऱ्याचा कठडा किती पावलांवर आहे, हे चढण्यापूर्वीच पाहून ठेवावे लागते.

रुळांवर रेल्वेबाहेरची माणसेही असतात. मे २०२० मध्ये करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा स्थलांतरित मजूर मालगाडीखाली गेले. रेल्वे कायद्याचे कलम १४७ विनापरवाना रुळांवर जाणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सुनावते. पण पलीकडच्या शेताला दुसरी वाटच नसेल, तर दंडाच्या फलकाने काही साधत नाही. तेथे भुयारी मार्ग लागतो, आणि त्याचा पाठपुरावा रेल्वेइतकाच ग्रामपंचायतीनेही करायचा असतो.